धुऱ्यावरचे राखणदार

मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या भागात स्वयंपाक घरी होतो आणि जेवण रानात. या सणाला वेळअमावस्या म्हणतात, बोलण्यात 'येळवस'. लातूर, धाराशिव, नांदेडचा काही भाग आणि सीमेपलीकडचे बीदर, या टापूत हा सण मनापासून होतो. उदगीर तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. त्यामुळे या दिवशीच्या आरोळ्या कानडी वळणाच्या आहेत आणि त्यांचा अर्थ न विचारता आम्ही त्या देत आलो आहोत. बाजारपेठ ओस पडते. रानात कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, आंबील शिंपडत रानाला फेरी घालायची आणि मग पंगत. पानात आंबील, ज्वारी-बाजरीचे उंडे आणि भज्जी.

ही भज्जी तळलेली नसते. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांचा इथे हटकून घोटाळा होतो. ओल्या तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, वाल, भुईमूग, मेथी, पालक, हरभऱ्याचे शेंडे, कांद्याची पात, चिंचेचा कोळ, जे जे त्या वेळी रानात उभे असेल ते सगळे बेसन लावून एकत्र शिजवायचे. रानात काय काय आहे याची ती वर्षातून एकदा होणारी मोजणीच म्हणा ना.

२०२२ साली वेळअमावस्या २ जानेवारीला आली. माय नव्वदीला टेकलेली. पहिला घास तोंडात घोळवून तिने वहिनींना विचारले, "ह्यात आपल्या रानातलं काय हाय गं?" वहिनी हसल्या. तूर बाजारातली, वाटाणा बाजारातला, वाल, भुईमूग, पालेभाज्याही बाजारातल्या. आमच्या रानातला होता तो फक्त हरभरा. खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा, ही आमच्या आठ एकरांची वीस वर्षांची रीत. माय पुढे काही बोलली नाही. पण पान उचलता उचलता अण्णांनी, माझ्या थोरल्या भावाने, सांगितले की उन्हाळ्यात जेसीबी लावून शेजाऱ्याच्या आणि आपल्या मधला धुरा काढून टाकायचा, तसे दोघांचे बोलणे झाले आहे.

धुरा म्हणजे बांध. आमचा धुरा चांगला सात-आठ हात रुंद. त्यावर दोन बाभळी, एक कडुनिंब, बोरीची जाळी, तरवड, रुई, निर्गुडी आणि गुडघाभर गवत. अण्णांचा हिशेब सरळ होता. सोयाबीनचे दोन तास जास्तीचे निघतील, ट्रॅक्टर वळवायला सोपे जाईल, रानडुकरांना लपायला जागा उरणार नाही. शिवाय औषधाच्या दुकानदाराने त्यांना सांगितले होते की कीड धुऱ्यावरूनच रानात उतरते. (फवारायच्या विषाला आम्ही सगळे 'औषध' म्हणतो. पिढीभराचा गैरसमज या एका शब्दात मावला आहे.)

मी तीस वर्षे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवले. म्हणालो, "अण्णा, तुम्ही धुरा काढू नका. त्यावर किडीला खाणारे किडे राहतात." अण्णा म्हणाले, "राहत असतील. पर तुझ्या किड्यांचा हिशोब दाखव मला. दोन तासांचं सोयाबीन किती होतं ते मी दाखवतो."

विद्यार्थ्यांना मी जे शिकवले ते पुस्तकातले होते. आमच्या धुऱ्याचा हिशेब मी कधी मांडला नव्हता. तो मांडण्याच्या खटपटीतून हा लेख निघाला आहे.

आधी मागचे रान कसे होते ते सांगतो. माझ्या लहानपणी, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे, खरिपात एका पिकाचे रान आमच्याकडे कोणी पेरत नसे. तिफणीने जोंधळा पेरायचा आणि ठराविक तासांनंतर तिफणीमागे बांधलेल्या सरत्यातून तुरीचा तास सोडायचा. मध्येच मूग, उडीद. कडेला अंबाडी, तीळ, चार एरंड. रब्बीच्या ज्वारीत करडईच्या ओळी आणि थोडे जवस. हे सगळे कीडनियंत्रणासाठी केलेले नव्हते. पाऊस दगा देतो, एक गेले तर दुसरे हाती लागावे, घरात तेल, डाळ, वैरण, दोर सगळे निघावे म्हणून केलेले होते. आणि त्या रानात कीड नव्हती असेही नाही. तुरीच्या शेंगेत अळी असायचीच. शेंगा सोलताना ती बोटाला लागली की आम्ही पोरे किंचाळायचो. पण 'यंदा अळीने रान खाल्ले' असे वाक्य वडिलांच्या तोंडी मी ऐकले नाही. दुष्काळाने खाल्ले, सावकाराने खाल्ले, हे ऐकले.

अळीने रान खाल्ले ते २००८च्या खरिपात. तोवर विदर्भ-मराठवाड्याचा मोठा पट्टा सोयाबीनचा झाला होता. त्या वर्षी तंबाखूची पाने खाणारी अळी, शास्त्रीय नावाने स्पोडोप्टेरा लिट्युरा, या पट्ट्यावर उतरली. ऑगस्टमध्ये पानांची जाळी झाली, मागे नुसत्या शिरा उरल्या. या तडाख्यानंतरच राज्याने २००९-१० पासून 'क्रॉपसॅप' हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू केला आणि गावोगावचे कीडसर्वेक्षक रानात अळ्या मोजू लागले. अण्णांनी त्या हंगामात चार फवारण्या केल्या, चारही उधारीवर. ती उधारी पुढच्या दोन हंगामांपर्यंत चालली. दुकानाचे नाव इथे घ्यायचे कारण नाही. त्या वर्षी सगळ्या दुकानांच्या वह्या भरल्या होत्या.

त्याच सप्टेंबरात मी रानात गेलो तेव्हा एक दृश्य दिसले, ते तेव्हा मला पुरते कळले नाही. फवारा न पोचलेल्या कोपऱ्यात, धुऱ्याच्या अंगाला, सोयाबीनच्या शेंड्यांवर अळ्या मरून चिकटल्या होत्या. खडूसारख्या पांढऱ्या, कडक. काहींवर फिकट हिरवी भुकटी चढलेली. ही मेटारायझियम रिलाई नावाची बुरशी. जुन्या पुस्तकांत ती नोमुरिया म्हणून भेटते. तिचे बीजाणू मातीत असतात. हवा दमट झाली, पाऊस झिमझिम लागून राहिला की ती अळीच्या कातडीतून आत शिरते, आतून अळी खाऊन टाकते आणि मग बाहेर येऊन पुन्हा बीजाणू उधळते. म्हणजे ज्या हवेत अळी माजते त्याच हवेत ही बुरशीही माजते, फक्त आठ-दहा दिवस उशिरा. शेतकऱ्याला तेवढेच आठ-दहा दिवस धीर धरवत नाही, आणि त्यात त्याची चूक आहे असे मी म्हणणार नाही. पण आमच्याकडे कीटकनाशकासोबत त्याच पंपात बुरशीनाशकही मिसळून मारतात, पीक हिरवेगार दिसते म्हणून. त्यात ही फुकटची बुरशीही मरते.

आता अण्णांच्या प्रश्नाकडे. किडीला खाणारे किडे आहेत, हे त्यांनाही ठाऊक आहे. घराच्या भिंतीला मातीचा बुधला करणारी कुंभारीण अळ्या पकडून आणते, नांगी मारून लुळ्या करते आणि पिल्लांच्या शिदोरीसाठी बुधल्यात कोंबून तोंड बंद करते, हे त्यांनी माझ्याआधी पाहिलेले. प्रश्न असा, की हे किडे आपल्या पिकावर, आपल्या गरजेच्या वेळी, पुरेसे येतात का? इथे मला वाटले होते त्यापेक्षा प्रकरण गुंतागुंतीचे निघाले.

घाटेअळीचेच घ्या. हरभऱ्यावर ती घाटेअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी, कापसावर अमेरिकन बोंडअळी, जोंधळ्यावर कणसातली अळी. नावे चार, कीड एकच: हेलिकोव्हर्पा. भारतात दीडशेहून अधिक वनस्पतींवर ती जगते. एक मादी हजाराच्या आसपास अंडी घालू शकते. १९८७ साली आंध्रच्या कापूस पट्ट्यात तिने पायरेथ्रॉइड गटाच्या कीटकनाशकांना दाद देणे थांबवले आणि त्यानंतर औषध बदलत राहण्याची शर्यत सुरू झाली.

या अळीचा सर्वांत नावाजलेला शत्रू म्हणजे ट्रायकोग्रामा. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशीची बहीण. ती हेलिकोव्हर्पाच्या अंड्यातच आपले अंडे घालते. अंडे काळे पडते आणि त्यातून अळीऐवजी नवी ट्रायकोग्रामा बाहेर येते. कागदी पट्ट्यांवर चिकटवलेली अशी अंडी, म्हणजे 'ट्रायकोकार्ड', शेतकऱ्यांना मिळतात. उदगीरहून बीदर-जहीराबादच्या वाटेने हैदराबादकडे जाताना पटनचेरू लागते. तिथे १९७२ साली इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था सुरू झाली. ज्वारी, तूर, हरभरा ही तिची पिके, म्हणजे आमचीच. तिथल्या कीटकशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे रानातली अंडी गोळा करून पाहिली तेव्हा दिसले की जोंधळ्यावर घातलेल्या अंड्यांत ट्रायकोग्रामा मोठ्या प्रमाणात सापडते, तुरीवर फार थोडी आणि हरभऱ्यावर जवळजवळ नाहीच.

कारण मोठे गमतीचे आहे. हरभऱ्याची आंब आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पहाटे पिकावरून ओले फडके फिरवून ती गोळा करीत, पोटदुखीवर देत. ती आंब म्हणजे पानांच्या सूक्ष्म केसांतून पाझरणारे मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल. हरभऱ्याचे ते स्वतःचे संरक्षण. पण त्याच आंबटात अर्ध्या मिलिमीटरच्या ट्रायकोग्रामाचेही काही चालत नाही. तुरीच्या कळ्या-शेंगांवरची चिकट लव अशीच तिचे पाय धरून ठेवते, आणि अळीची मादी नेमकी तिथेच अंडी घालते. सारांश, हरभऱ्यात ट्रायकोकार्ड टांगणे म्हणजे राखणदाराला गोंद लावलेल्या ओट्यावर बसवण्यासारखे आहे.

मग जोंधळ्यातल्या तुरीचे काय? माझी भाबडी समजूत अशी, की जोंधळ्यावर वाढलेले मित्रकीटक जोंधळा निघाल्यावर तुरीवर जात असतील आणि म्हणून जुनी माणसे शहाणी. पटनचेरूच्या नोंदी या समजुतीला साथ देत नाहीत. जोंधळ्यावरच्या अळ्यांत मुख्यतः गांधीलमाशीच्या कुळातले परजीवी असतात, तुरीवरच्या अळ्यांत मुख्यतः टॅचिनिड माश्या. एका पिकावरची फौज दुसऱ्यावर फारशी जात नाही. त्यातही टॅचिनिड माशी अळीला मारते ते ती मोठी झाल्यावर, शेंगा खाऊन झाल्यावर. पुढच्या पिढीला तिचा उपयोग. या हंगामातल्या शेंगा गेल्या त्या गेल्याच. हे वाचले त्या रात्री मी जरा खट्टू झालो होतो. अण्णांना ते सांगावे की नाही, असाही विचार मनात आला. सांगितले. अण्णा म्हणाले, "म्हंजी आबा काय किड्यांसाठी जोंधळा पेरत नव्हते, हे तुला आज कळालं."

पण हरभऱ्याचा दुसरा शत्रुपक्ष आहे आणि तो आंबेला भीत नाही. कॅम्पोलेटिस नावाची सडपातळ काळसर माशी घाटेअळीच्या अगदी लहान पोरीला गाठून तिच्यात अंडे घालते. अळी हिरव्या घाट्यापर्यंत पोचण्याआधीच मरते आणि तिच्या शेजारी पानावर एक छोटा कोष दिसतो. ही माशी स्वतः मात्र अळी खात नाही. तिला लागतो फुलातला मध. हरभऱ्याच्या मिटल्यासारख्या फुलातून तिला तो घेता येत नाही. कोथिंबिरीचे फूल उघडे, उथळ, मध वरच ठेवलेला. हरभऱ्यात धन्याच्या ओळी टाकल्या तर घाटेअळीवर कॅम्पोलेटिसचे प्रमाण वाढते, हे प्रयोगांत दिसलेले आहे. वहिनींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्ही हरभऱ्याच्या कडंनं धने टाकीतच होतो की. तुम्हीच म्हणालात, कोथिंबीर विकत मिळती, कशाला मधी मधी लावता."

पाखरांची बाजू सोपी आहे. हरभऱ्याच्या बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळायची. हरभरा गुडघ्याखाली राहतो, ज्वारीची ताटे वर येतात आणि कोतवालाला बसायला आयती जागा होते. कृषी खाते ज्याला पक्षीथांबे म्हणते तेच, फक्त काठ्या न रोवता. कोतवाल, वेडा राघू, साळुंक्या दिवसभर झडप घालत असतात. गायबगळे खालून वेचतात. हिवाळ्यात भोरड्यांचे थवे येतात तेव्हा मात्र हाच उपाय अंगाशी येतो, कारण भोरडी ज्वारीच्या दाण्यावर तुटून पडते. तीच भोरडी मध्य आशियात टोळ खाते आणि चीनच्या शिनजियांगात तिच्यासाठी दगडांची घरटी रचून देतात. पाखराला मित्र की शत्रू ठरवायचे ते महिना बघून.

हे सगळे पीक उभे असतानाचे झाले. माझ्या मते धुऱ्याचा खरा प्रश्न पीक नसतानाचा आहे. २०२२च्या एप्रिलमध्ये ९५व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनासाठी जे वाचक उदगीरला आले होते, त्यांनी आमचे शिवार पाहिले असेल: क्षितिजापर्यंत उघडी काळी जमीन, फूटभर भेगा आणि डोळ्यांपुढे हलणारी झळ. मार्चपासून जूनपर्यंत चार महिने हे असेच. घाटेअळी त्या दिवसांत मातीत कोष होऊन झोपू शकते. तिच्या शत्रूंपैकी पुष्कळांना तशी झोप नाही. ढालकिड्याला सावली हवी आणि थोडा मावा हवा. कोळ्याला गवताचा बुंधा हवा. परजीवी माश्यांना मधाचा थेंब हवा, आणि तो फुलातलाच असावा असे नाही. बाभळीच्या पानाच्या देठावर, तरवडाच्या पर्णिकांच्या मधोमध, एरंडाच्या देठावर मधाच्या बारीक ग्रंथी असतात, फूल नसतानाही पाझरणाऱ्या. मे महिन्यात आठ एकरांत हे सगळे एकाच जागी होते, धुऱ्यावर. मृग बरसला, पेरणी झाली, पहिली अंडी पानांवर दिसू लागली, की भक्षक कुठून तरी चालत किंवा उडत यावे लागतात. ते लांबून आले तर उशिरा येतात आणि उशिरा आलेला राखणदार चोरी झाल्यावर शिट्टी वाजवणाऱ्या गुरख्यासारखा असतो.

इंग्लंडने हा धडा उलट्या वाटेने गिरवला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे शेते मोठी करण्यासाठी सरकारी अनुदान देऊन मैलोन् मैल कुंपणझुडपे उपटली गेली. मग १९८०च्या दशकाच्या अखेरीस संशोधकांनी मोठ्या गव्हाच्या शेतांच्या मधोमध नांगराने मातीचे उंचवटे काढून त्यावर झुबक्याचे गवत लावून पाहिले. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत त्या गवतात दर चौरस मीटरला हजाराहून अधिक भुंगेरे, कोळी आणि इतर भक्षक मुक्कामाला आले. त्यांनी या उंचवट्याला 'बीटल बँक' असे नाव दिले. अण्णांना मी तो फोटो मोबाइलवर दाखवला. बराच वेळ पाहून म्हणाले, "हा तर धुराच हाय. फकस्त बाभळी न्हाईत."

तरीही हिशेब एकतर्फी नाही. जगभरच्या १३२ अभ्यासांतली सुमारे ६,७०० शेते एकत्र तपासणारा एक मोठा निबंध २०१८ साली प्रसिद्ध झाला. शेताभोवती रानटी झाडझाडोरा असला की किडी कमी होतात, असा सरसकट नियम त्यातून निघाला नाही. काही ठिकाणी कमी होतात, काही ठिकाणी वाढतात, काही ठिकाणी काहीच फरक पडत नाही. कीड कोणती, शत्रू कोणता, झाडोरा कसला आणि शेतकरी फवारतो काय, यावर सगळे अवलंबून.

झाडोरा कसला, याचे उदाहरण आमच्याच धुऱ्यावर होते. गाजरगवत. २००६-०७च्या सुमारास देशभर कापसावर पिठ्या ढेकणाची नवी जात पसरली. मूळची उत्तर अमेरिकेकडची. कापूस नसताना ती गाजरगवतावर मजेत राहते. औषधांना ती पुरेशी मरेना, अंगावर मेणच असते तिच्या. मग २००८च्या सुमारास तिच्यामागोमाग एक इवलीशी परजीवी माशी देशात सापडू लागली. ती कोणी मागवली नव्हती. तिनेच पुढे पिठ्या ढेकूण आटोक्यात आणला. २००९ साली तिला एनेसियस बंबावालेई असे नाव देण्यात आले, दिल्लीच्या राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राचे तेव्हाचे संचालक डॉ. ओ. एम. बंबावाले यांच्यावरून. पुढे तपासात ती जात जुन्याच दुसऱ्या नावाने नोंदलेली निघाली आणि बंबावाल्यांचे नाव मागे पडले. माशीला त्याचे सोयरसुतक नसावे. मुद्दा असा, की गाजरगवत पिठ्या ढेकणाचेही घर आणि त्या माशीचेही. उपटावे की ठेवावे? आम्ही उपटले, कारण त्याने मायला दमा होतो. सगळे निर्णय कीटकशास्त्राने होत नाहीत.

उसावरचा लोकरी मावा आठवत असेल. २००२ साली तो पश्चिम महाराष्ट्रात उतरला आणि बघता बघता सगळीकडे पसरला. पांढऱ्या मेणकट लोकरीने पाने भरली, खालची जमीन चिकट झाली. सुरुवातीला धुरळण्या, फवारण्या खूप झाल्या. पण उसाचा फड पुरुषभर उंच वाढला की आत पंप घेऊन शिरताच येत नाही. अखेर त्याला आवरले ते डिफा नावाच्या पतंगाच्या अळीने, मायक्रोमसने आणि एन्कार्सिया या परजीवी माशीने. साखर कारखान्यांनी आणि शेतकऱ्यांनी त्यांच्या वसाहती असलेली पाने एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन ठेवली. त्यासाठी फवारणी थांबवावी लागली, म्हणजे वाट पाहावी लागली. कारखान्याला वाट पाहणे परवडते. आठ एकरवाल्याला वाट पाहण्याची किंमत कोण देणार, हा प्रश्न या विषयावरच्या बहुतेक लेखांत मला सापडला नाही.

म्हणून मी अण्णांशी सौदा केला. जेसीबी आणायचा नाही. धुऱ्याखाली जाणाऱ्या दोन तासांचे सोयाबीन जेवढे होईल तेवढ्याचे पैसे, त्या वर्षीच्या भावाने, माझ्या पेन्शनमधून. अण्णा आधी रागावले, मग हसले, मग म्हणाले, "लिहून दे." मी लिहून दिले. शेजाऱ्याने त्याच्या बाजूचा धुरा मे महिन्यात काढला. त्याची बोर आणि निंब गेले, आमची तरवड आणि दोन्ही बाभळी राहिल्या. सात-आठ हातांचा धुरा चार हातांवर आला.

आणि पहिल्याच वर्षी आमच्यावर गोगलगाय आली. २०२२च्या जुलैत लातूर, बीड, धाराशिव भागात शंखी गोगलगाईने सोयाबीनची कोवळी रोपे रात्रीतून साफ केली. कित्येकांनी दोनदा पेरले. गोगलगाय दिवसा दडते ती नेमकी ओलसर गवतात, दगडाखाली, बांधावर. बांध साफ ठेवा, हाच कृषी खात्याचा सल्ला होता आणि तो बरोबर होता. अण्णांनी रात्री साडेअकराला मला फोन केला. "ये. तुझे राखणदार बघायला ये." आम्ही दोघे, पुतण्या आणि वहिनी, बॅटरीच्या उजेडात गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे तासांच्या कडेने अंथरत होतो. पहाटे त्याखालच्या गोगलगाई गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. असे अकरा दिवस केले. कडेचे दहा-बारा तास गेले ते गेलेच. धुऱ्याचे गवत मी स्वतः विळ्याने कापले आणि त्या वेळी मला कुणी विचारले असते तर बाभळींसह धुरा देऊन टाकला असता. चौथ्या-पाचव्या दिवशी बोरीच्या जाळीत राहिलेला भारद्वाज धुऱ्यावर चालताना दिसला. एका दगडापाशी थांबून गोगलगाय शंखातून ओढून काढत होता. एक भारद्वाज किती खाणार? पण अण्णांनी त्याला पाहिले आणि ते काही बोलले नाहीत.

त्या ऑगस्टमध्ये पाऊस लागून राहिला. स्पोडोप्टेरा दिसली. आम्ही रोज मीटरभर ओळ हलवून अळ्या मोजत होतो, एरंडाच्या पानांवरचे अंडीपुंज पान तोडून जाळत होतो, आणि अण्णांनी बुरशीनाशक मारायचे टाळले. पाचव्या दिवशी पांढऱ्या अळ्या दिसू लागल्या. एकही फवारणी लागली नाही. २०२३चा ऑगस्ट मात्र देशाच्या शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदीतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. बुरशीला ओलच मिळाली नाही. अळ्या वाढल्या, आम्ही आधी निंबोळी अर्क मारला, तो पुरला नाही, मग एक रासायनिक फवारणी केली. रब्बीत हरभऱ्यात धन्याच्या ओळी आणि ज्वारीची ताटे होती. घाटेअळीसाठी मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या ही आर्थिक नुकसानीची पातळी धरतात. तिच्या आसपास आम्ही दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा खाली आलो. धन्यामुळे, कोतवालांमुळे की त्या वर्षी पतंगच कमी होते म्हणून, हे एका रानावरून सांगता येणार नाही. शेजाऱ्याने दोन फवारण्या केल्या आणि त्याचाही हरभरा चांगला आला.

२०२४च्या खरिपात सोयाबीनमध्ये पुन्हा तुरीचे तास होते. किड्यांसाठी नव्हते, उदगीरच्या डाळमिल तुरीला भाव देतात म्हणून. सोयाबीनची रास झाली. त्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या खाली. मी हिशेबाची वही घेऊन गेलो तेव्हा अण्णा धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसले होते. पहिल्या दोन वर्षी त्यांनी पैसे मोजून घेतले होते. त्या वर्षी वही बघितली, मिटली आणि म्हणाले, "येळवसाला बघू." विसरले आहेत की सोडले आहेत, मी विचारलेले नाही. माय वहिनींना सांगत होती, की तूर आता आपली हाय, पर वाल न्हाई, तेवढा पुढच्या साली कुंपणाला लावा.